तोंड मजकुराकडे

गणपती गेले की माझ्या दुकानात मेलेली माणसं यायला लागतात.

घाबरवण्यासाठी म्हणत नाही. बोईसरला स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. बावीस वर्षांत एवढं कळलंय की या धंद्यालाही हंगाम असतात. श्रावणात मंडळांचे फलक, दिवाळीआधी फराळाच्या डब्यांची लेबलं, तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका. पितृपंधरवड्यात मात्र शुभ असं काही छापायला येत नाही. नव्या दुकानाची पाटीसुद्धा लोक पंधरा दिवस थांबवून ठेवतात. येतात ते फोटो. चार महिने भिंतीने ओल धरलेली असते, काचेच्या आत पाणी सुटलेलं असतं, शाई फुटलेली असते. तिथी आठवड्यावर आली की घरातलं कुणीतरी वर बघतं आणि म्हणतं, यंदा आजोबांचा गाल हिरवा झालाय. मग मोबाइल घेऊन माझ्याकडे.

यंदाचा पंधरवडा काल सुरू झाला. पाऊस तसा संपलाय, पण गेलेला नाही. दुपारी चार थेंब टाकून आपण अजून आहोत असं सांगून जातो. भात निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात. बेटेगावच्या बाजूने वारा आला की दुधाळ, गोडसर वास येतो. तोच वारा फिरला की कारखान्यांकडचा, जिभेवर बसणारा. दोन्ही वास मी आता एकाच ऋतूचे धरते. आज दुपारी माझ्या संगणकाच्या पडद्यावर सात चेहरे एका रांगेत उघडे होते, सगळे समोर बघणारे. रोजचं काम आहे, त्याचं काही वाटत नाही. तरी चहाला उठताना मी पडदा बंद करते. ही सवय मला चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात लागली.

लोकांना वाटतं, फोटो म्हणजे फोटो. इथून तिथे पाठवला तर त्यात काय जातं? मी प्रत्येकाला समजावते आणि प्रत्येकजण मान हलवून पुन्हा तेच करतो. मोबाइलमधला बहुतेक फोटो जेपीजी असतो. ही जात कामाची आहे. वजनाला हलकी, वेबसाइटवर चढवायला सोपी. पण ती हलकी होते ती टाकून देऊन. माणसाचा डोळा कशावाचून चालवून घेईल याचा तिला चांगला अंदाज असतो, तेवढं ती गुपचूप उतरवून ठेवते. एकदा चालतं. मग कुणीतरी कडा कापतं, पुन्हा साठवतं. ती पुन्हा थोडं उतरवते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला, तिथे आणखी पिळला गेला. कुणी स्टेटसला ठेवला, कुणी त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढला. दर वेळी जाणारी गोष्ट इतकी थोडी असते की आधीच्या फोटोशेजारी ठेवलं तर कुणीही शपथेवर सांगेल, दोन्ही सारखेच. पीएनजी असं करत नाही. जे दिलं ते सांभाळते. टिफ म्हणजे तर लोखंडी ट्रंक. जड, कुठे न्यायची सोय नाही, पण उघडाल तेव्हा ठेवलेलं सगळं आत. छापायचं असेल तर टिफ, वेबवर दाखवायचं असेल तर जेपीजी, माणसामागचं सगळं काढून त्याला नुसता ठेवायचा असेल तर पीएनजी. एवढ्या ज्ञानावर माझा संसार चालला.

सफाळ्याचे एक गृहस्थ स्वतःचा तांदूळ विकतात. त्यांनी वेबसाइटवर टिफ चढवली आणि ते पान कुणाच्याच फोनवर उघडेना. पोत्यावर छापायला मात्र वेबसाइटवरून उतरवलेला नखाएवढा जेपीजी दिला. भाताची लोंबी पोत्यावर केसाळ सुरवंटासारखी आली. मी डोक्याला हात लावला, तर ते म्हणाले, "असू दे ताई, आमचा तांदूळ चालायला लागला." हा विनोद मी अजून गिऱ्हाइकांना सांगते. पंधरवड्यात मात्र सांगावासा वाटत नाही.

कारण पंधरवड्यात पीएनजी उघडली की मागे पार्श्वभूमी नसते. पडद्यावर करड्या-पांढऱ्या बारीक चौकटी दिसतात. 'इथे काहीही नाही' हे दाखवायची ती खूण. त्या चौकटींवर एखादी म्हातारी मांडी घालून बसलेली असते, खाली जमीन नाही, मागे भिंत नाही. एकदा कारखान्यातला एक कामगार आईचा फोटो घेऊन आला. मागची चूल आणि भांडी काढून टाका म्हणाला. मी काढली. सगळं गेल्यावर आईच्या खांद्यावर चार बोटं उरली. मागे उभ्या असलेल्या कुणाची तरी असणार. बाकीचा माणूस फोटो कापताना गेला असेल, म्हणून मी विचारलं, पीछे कौन था? त्याने पडद्याजवळ वाकून बघितलं. "पीछे तो कोई नहीं था दीदी. मैंने ही खींचा था." मी बोटं पुसायला घेतली, तर म्हणाला, रहने दो. ती बोटं आता त्याच्या गावी भिंतीवर आहेत.

असो. मी सांगत होते त्या वर्षाबद्दल.

चिंचणीची दमयंती दर भाद्रपदात माझ्याकडे यायची. नवरा प्रभाकर, चिकू-नारळाची वाडी, शिवाय तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी. चौतिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेला. मुलगी पूर्वा तेव्हा दोन वर्षांची व्हायची होती. जाण्याच्या काही महिने आधी कारखान्याच्या ओळखपत्रासाठी तो माझ्याच दुकानात फोटो काढायला आला होता. मी दोन काढले. सरळ बघणारा छापून दिला आणि पुसून टाकला. दुसऱ्यात त्याने ऐन वेळी मान थोडी वळवलेली. तो निकामी, पण पुसायचा राहिला. दिवसकार्याची पत्रिका छापायला त्याचा भाऊ आला तेव्हा तेवढाच शिल्लक होता.

घरात दुसरा धड फोटो नव्हता. लग्नाचा अल्बम एका पावसात भिजून पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवायला गेलं की या पानावरचा चेहरा त्या पानावर उतरायचा. मतदानकार्डावरचा फोटो कुणाचाही असू शकला असता. म्हणजे माझा तो निकामी फोटो हाच प्रभाकर. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत प्रिंट वर्षभरही टिकत नाही, म्हणून दमयंती दर वर्षी यायची आणि घरातल्या कुणाच्या तरी फोनमधला फोटो दाखवून नवीन काढून न्यायची. माझ्याकडची मूळ फाइल? त्या काळी जागा खातात म्हणून मी जुन्या कामांच्या टिफ पुसून हलक्या जेपीजी ठेवत होते. पुढे ती हार्डडिस्कही बसली. गिऱ्हाइकांना जे करू नका म्हणून मी आज दटावते ते सगळं मी करून झालेलं आहे.

त्या वर्षी तिथी गुरुवारी होती. सोमवारी दुपारी दमयंती पूर्वाला घेऊन आली. मापासाठी भिंतीवरची जुनी फ्रेम पिशवीत होती. पूर्वा आठवीत गेली होती. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने फोन माझ्यापुढे धरला आणि यंदा आमचा फोटो क्लियर हाय, असं अभिमानाने सांगितलं. कुठल्याशा अॅपमध्ये टाकला होता. फोटो फुकटात साफ करून मिळतो.

मी तो पडद्यावर घेतला. पीएनजी होती, मोठी, चार फूट उंच छापली तरी फाटली नसती. छपाईसाठी इतकी चांगली फाइल त्या पंधरवड्यात माझ्याकडे आली नव्हती. त्वचेवरची छिद्रं दिसत होती. दोन्ही बुबुळांत खिडकीचा उजेड होता. माझ्या दुकानात खिडकी नाही. ओठांमधून सरळ, पांढऱ्या दातांची ओळ. चाळिशीच्या आतला, देखणा, बोईसरच्या रस्त्यात भेटला तर हसून ओळख देईल असा माणूस.

दमयंती पदराने मानेचा घाम पुसत होती. हात तसाच राहिला.

"हा कोन?"

"कोन म्हंजे? बाबा," पूर्वा हसली.

"हा तो नाय."

पूर्वाला ते लागलं. तिने मला साक्षीला ओढलं, काकी तुमीच सांगा, जुन्यात काय दिसतं का, नुसते दोन डाग. दमयंती भांडली नाही. चेहऱ्याबद्दल ती काही बोललीच नाही, फक्त भुवईबद्दल बोलली. चिकू काढायच्या काठीचं टोक लागून प्रभाकरची डावी भुवई मधोमध तुटली होती, तिथे केस यायचे नाहीत. या माणसाच्या दोन्ही भुवया अखंड आहेत.

पूर्वाने पिशवीतून फ्रेम काढून काउंटरवर आपटल्यासारखी ठेवली. ओलीने निळसर झालेल्या त्या प्रिंटमध्ये एका भुवईत फिकट ठिपका होता. उजव्या.

"खूण उजवीकडं हाय. आजी पन उजवीकडंच बोलते. तुला आठवतच नाय, आई."

हे भांडण आजचं नव्हतं, ते मला मग कळलं. पहिल्या वर्षी फोटो भिंतीवर लागला तेव्हाच दमयंती म्हणाली होती, खूण डावीकडे होती. सासूने फोटोकडे बोट दाखवलं. दोन-तीन वर्षं ती सांगत राहिली. मग दर तिथीला, पानं वाढताना, सासूचा एक ठरलेला टोमणा झाला: नवऱ्याचं तोंड विसरली, काय बायको ही. चेष्टेतच म्हणायची. पंगतीत सगळे हसायचे. सासूने स्वतः त्या भुवईवर हळद दाबली होती, तीसुद्धा आता उजवी म्हणत होती. दमयंतीने बोलणं सोडून दिलं.

मला तिने हे सगळं हिशेब सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, "मी त्याच्या डाव्या अंगाला निजायची, ताई. सकाळी डोलं उघडलं का पैली ती खूण दिसायची. पन फोटो खोटं कशाला बोलंल? माजंच काय तरी फिरलंय."

पूर्वा फोनकडे बघत होती. तिचं म्हणणं वेगळंच होतं आणि तिच्या जागी तेही खरं होतं. तिला खूण कुठे होती याच्याशी घेणंदेणं नव्हतं. तिने वडिलांचं तोंड कधी नीट पाहिलेलंच नव्हतं. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे बघून हसलं होतं. तिला हाच पाहिजे होता.

मी माऊसवरचा हात काढून घेतला होता.

हा धंदा मी पालघरच्या एका प्रेसमध्ये शिकले. तिथल्या म्हाताऱ्या फोरमनचा एक नियम होता: फोटोतल्या माणसाचं तोंड मजकुराकडे पाहिजे. बाहेर बघणारा माणूस पानातून निघून जातो, असं ते म्हणायचे. जिवंतांच्या कार्डात एकवेळ चालेल, मेलेल्याच्या पत्रिकेत नाही. मान दुसऱ्या बाजूला वळलेली असेल तर काय करायचं? एक बटण दाबायचं, फोटो आडवा उलटतो. आरशात होतो तसा. दोन सेकंदांचं काम, कुणाला कधी कळत नाही. बावीस वर्षांत मी अशी किती माणसं उलटवली असतील, सांगता येणार नाही. नवरदेव, नगरसेवक, दहावीत पहिले आलेले. प्रभाकर पत्रिकेत उजव्या कोपऱ्यात होता, मजकूर डावीकडे, आणि मान वळलेली उजवीकडे, पानाबाहेर. मी त्याला आत वळवलं. त्याच्या भावाला मोबाइलमध्ये जो फोटो दिला तो त्या पत्रिकेतूनच काढून दिला. खांद्यापर्यंतच कापलेला. शर्टाचा खिसा दिसत असता तर पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं असतं, खिसा उजवीकडे कसा?

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, उद्या दुपारी या. स्वतःच्या आठवणीवर माझाही फारसा भरवसा नाही. नुसतं 'मी उलटवला असेन' म्हणून काय उपयोग? तिच्याकडे तेवढं तर होतंच. तिला पाहिजे होता कागद.

त्या गेल्यावर मी इतकी वर्षं छापलेल्या प्रभाकरच्या फाइल काढल्या. हार्डडिस्क बसल्यानंतरच्या आठ होत्या. आठही एका रांगेत लावल्या. हे मी कधी केलं नव्हतं. कुणीच करत नाही, दर वर्षी आपण फक्त मागच्या वर्षाशी ताडून बघतो. पहिल्या फोटोत माणूस होता. तिसऱ्यात कान आणि केस यांच्यामधली रेघ गेली. चौथ्यात कुणीतरी उजळ करून घेतलेला, नाक कपाळात मिसळलेलं. सहाव्यात डोळ्यांच्या जागी चौकोनी सावल्या. ओठ सगळ्यांत आधी गेले होते; पहिल्या फोटोतसुद्धा ते उघडे आहेत की मिटलेले ते कळत नव्हतं, पुढे ती एक गडद पट्टी झाली. आठव्यात फक्त कुणीतरी बसलंय एवढं कळत होतं. दर वर्षी काळ्या तिळाचं पाणी सोडून त्याच्यासमोर पान वाढलं गेलं होतं, आणि दर वर्षी तो थोडा कमी होऊन बसला होता. शेजारी नवव्या जागी मी अॅपमधला ठेवला. रिकामी झालेली खोली बघून कुणी राहायला यावं तसा तो हसत होता.

मी उठून चहा घेऊन आले. त्या दिवशी पहिल्यांदा पडदा बंद करून गेले.

पत्रिका पालघरला ऑफसेटवर छापली होती, आणि ऑफसेटवाले तेव्हा सीडी मागत. टिफ, छपाईच्या चार रंगांत केलेली. म्हणजे एक सीडी कुठेतरी असणार; उलटवणं पानात झालं होतं, सोबतची फोटोची फाइल न उलटवलेलीच असणार. पोटमाळ्यावर रंगाच्या डब्यांमागे तीन खोकी निघाली. या हवेत सीडीलाही बुरशी लागते, हे पोटमाळा उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं. चकाकत्या बाजूवर झाडाच्या मुळांसारखी पांढरट नक्षी आतल्या आत पसरलेली, काहींना तर आरपार भोकं. प्रभाकरची सीडी मंगळवारी सकाळी सापडली. पाकिटावर माझंच अक्षर. नक्षी बाहेरच्या कडेने आत निघालेली, अर्ध्या वाटेवर पोचलेली. सीडी आतून बाहेर वाचली जाते. मी ती पुसून ड्राइव्हमध्ये घातली आणि वाचवता येईल तेवढं वाचवणारा प्रोग्राम लावला. तीन तास यंत्र कण्हत होतं. मधूनच थांबायचं, मागे जायचं, पुन्हा तेच घासायचं. मी समोर बसून दुसऱ्या कुणाच्या तरी आजीचा गाल नीट करत होते.

दोघी आल्या तेव्हा फाइल नुकतीच उघडली होती. आधी मी बटणाचं सांगितलं. फोरमनचा नियम, पान, मजकूर, सगळं. सॉरीही म्हटलं, तो शब्द किती हलका आहे ते म्हणतानाच कळलं.

पूर्वा माझ्याकडे रागाने बघत म्हणाली, म्हंजे आमी इतकी वरसं उलट्या मानसाला हार घालतो?  मी पडदा दमयंतीकडे वळवला.

टिफमध्ये ओळी वरून खाली एकीखाली एक लिहिलेल्या असतात. वाचल्या गेल्या त्या जशाच्या तशा होत्या, एक कणही न उतरलेल्या. केस. कपाळावर टोपीचा वळ. दोन डोळे, त्याच्या डाव्या हाताला वळलेले, खरे, पापण्यांसकट. डावी भुवई मधोमध तुटलेली, तिथली चामडी गुळगुळीत आणि किंचित चमकणारी. नाकाचा शेंडा. आणि तिथून खाली काही नाही. काळंही नाही. छपाईच्या रंगांत शून्य म्हणजे काळोख नसतो, शून्य म्हणजे शाई नाही. वाचता आलं नाही तिथे कोरा पांढरा कागद. सुरीने कापल्यासारखा.

दमयंतीने बोट पुढे केलं, पडद्याला लावलं नाही. भुवईसमोर हवेत धरलं.

"माज्या अंगाला," ती म्हणाली.

पूर्वाने एकदा आईकडे आणि एकदा पडद्याकडे बघितलं. तुजं बरोबर होतं, असं ती पुटपुटली. माफी मागायची सवय त्या वयात नसते, तेवढंच पुष्कळ होतं. मग तिची नजर खालच्या पांढऱ्या भागावर अडकली. तिथे काय होतं ते तिला पाहिजे होतं. दात कसे होते? हसतायत का? मला वाटलं, आता दमयंती गप्प होणार. इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं, फक्त दाखवलं होतं.

"हसत नाय," दमयंती म्हणाली. "मी भायेर उभी होती, तू काखेत. तू रडत होती. मी दारातनं हाक मारली." तिने मान मागे करून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. स्टूल तेव्हा होतं तिथेच आहे. त्यावर बसणाऱ्याला दार डाव्या हाताला पडतं. "त्यानं वलून बघितलं, आन ताईंनी फटू मारला. 'आलो' बोलत होता. तोंड उगडं हाय त्याचं."

आम्ही तिघींनी त्या कोऱ्या जागेकडे बघितलं. मला त्यात काही दिसलं असं मी म्हणणार नाही.

मग तिने खूप सांगितलं. वरचा एक दात पुढच्यावर चढलेला. उन्हाळ्यात खालचा ओठ फुटायचा, खोबरेल लावायचा. पूर्वा मधेच काही विचारायची, दमयंती उत्तर द्यायची, अडत नव्हती. आठ फोटोंत नसलेलं सगळं तिच्याकडे होतं. फोटो भिंतीवर असताना तिला ते कुणी विचारलं नव्हतं आणि शेवटी तिने स्वतःलाही विचारणं सोडलं होतं. मी कामाचं विचारलं. दोन पर्याय होते. खालचा भाग पूर्वाच्या फाइलवरून आणून जोडता आला असता. मी सफाईने जोडते, सांधा दिसला नसता. पूर्वा लगेच हो म्हणाली नाही, हे मी पाहिलं.

"असाच काडा," दमयंती म्हणाली.

"सासूबाई काय म्हणतील?"

"खालती हार येतो तसाबी."

पूर्वाने अॅपमधला फोटो फोनमधून पुसला नाही, तिचा तिने ठेवला. मी म्हटलं, ठेव. नवी फाइल मात्र पीएनजी करून तिला डॉक्युमेंट म्हणून पाठवली आणि दोनदा बजावलं, कापायची नाही, उजळायची नाही, स्टेटसला ठेवायची नाही. हो म्हणाली. सगळे म्हणतात.

मी छापायला दिलं. भोवती बारीक काळी चौकट ठेवली होती, रेघ कागदाच्या तळापर्यंत. केस आले, कपाळ आलं, तुटकी भुवई आली, डोळे आले, दोघी वाकून बघत होत्या. नाकाच्या शेंड्याखाली शाई संपली. पण चौकटीची रेघ दोन्ही कडांना होती, म्हणून प्रिंटरचं शाई टाकणारं मुंडकं थांबलं नाही. या कडेला एक ठिपका टाकायचं, सगळा कोरा कागद ओलांडून त्या कडेला जायचं, आणखी एक ठिपका टाकून परत यायचं. ओळीमागून ओळ, जिथे ओठ असायचे तिथून, हनुवटी असायची तिथून, काहीही न लिहिता. पूर्वा म्हणाली, बंद करा ना काकी, झालंय आता.

"नको," दमयंती म्हणाली. "बोलू दे त्याला."